पहिलीचं पंधरावं पोर

शिक्षकाला दारोदार फिरायला लावायची कल्पना ज्या माणसाला सुचली, त्याचं एकदा तोंड बघायचं आहे मला. डिसेंबरचं, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्याचं ऊन, ताल्काउआनो बंदरावरची टेकडी, खालून येणारा मासळीच्या कारखान्याचा वास, आणि आम्ही पत्रकं घेऊन पायऱ्या चढतोय. पुढे ओर्तेन्सिया रिफोबाई, मागे मी, निबाल्दो, तिसरीचा मास्तर. पोरं आमच्या शाळेत घाला, म्हणून विनवण्या करायच्या. दोन घरांनी आम्हाला विमेवाले समजून दारच उघडलं नाही.

आईबापांनी हवी ती शाळा निवडावी आणि सरकारनं डोक्यामागे पैसे त्या शाळेला द्यावेत, असा आमच्याकडे कायदा. पोर गेलं की पैसे गेले, पैसे गेले की मास्तर गेला. कायदा म्हणतो आईबाप शाळा निवडतात. टेकडीखालच्या खासगी शाळेत जाऊन बघा, तिथं शाळा आईबाप निवडते. सहा वर्षांच्या पोरापुढे पुस्तक ठेवतात, वाचलं तर या, नाही तर नमस्कार.

आणि वाचायला शिकवायचं कुणी? टेकडीवरच्या आमच्या सरकारी शाळेत ओर्तेन्सियाबाईंनी. निम्म्या टेकडीला अक्षरओळख त्यांनीच करून दिलेली. आया बहुतेक कारखान्यात कामाला, म्हणून बाई पोरांना घरून माशांच्या डब्यांची लेबलं आणायला सांगायच्या आणि बालवर्गातच त्यावरून वाचायला शिकवायच्या. वाचायला लागलेली पोरं डिसेंबरात खालची शाळा उचलायची. आयत्या पिठावर रेघोट्या. मग चौथीचे निकाल पेपरात यायचे, खालची शाळा वर, वरची शाळा तळाला. एकदा मी संतापून तो पेपर टराटरा फाडला. बाई म्हणाल्या, "फाडून काय होतंय? घरोघर तोच आलाय."

त्या वर्षी खात्याकडून हुकूम आला की नाताळच्या आत पहिलीला पंधरा पोरं दाखवा, नाही तर पहिली दुसरीत घाला. पहिली गेली की पुढची दोन-तीन वर्षं फक्त शाळेचं सुतक पाळायचं, हे आम्हाला ठाऊक होतं. आमच्याकडे तेरा होती.

यास्ना साल्गादोकडे बाईंची मोठी आशा होती. यास्ना कारखान्यात रात्रपाळी करायची, नवरा केव्हाच उत्तरेला खाणीत गेला तो गेलाच. तिची मुलगी मियाराय बालवर्गातली सगळ्यात हुशार. आम्ही गेलो तर पोरगी पायरीवर बसून कुत्र्याला आमचंच पत्रक वाचून दाखवत होती. यास्नानं चहा ठेवला, पाव पुढे केला.

"मावशी, मी तुमच्याकडेच शिकले. तुमच्यासारखी बाई नाही, हे मी कुणालाही सांगेन."

"मग झालं तर," बाई म्हणाल्या.

"झालं कसं? तुमचा गास्पार कुठं जातो?"

बाईंचा पावाकडे गेलेला हात तिथंच थांबला. "खाली."

"स्वतःचा नातू खाली आणि माझी पोरगी वर. छान आहे की!"

"ते त्याची आई ठरवते, यास्ना."

"तुमचीच ना मुलगी ती? तिला तुमची शाळा नको, तर मला कशाला? तुम्ही गास्पारला वर आणा. त्याच दिवशी मियारायचं नाव घालते. शब्द देते."

बाई भराभर पायऱ्या उतरू लागल्या. यास्नाचा हाच प्रश्न दोन वर्षं माझ्याही ओठांवर होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. माझा त्यांच्यावर फार जीव होता, म्हणून राग जास्त यायचा.

नावं घालायची मुदत संपायच्या आदल्या दिवशी बाई शाळेत आल्या त्या चेहरा उतरलेल्या. दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "गास्पार वर येतोय."

मी खुर्चीतून उठलोच. "तुमची पाओला तयार झाली?"

"तिला तयार व्हायला ठेवलंय कुठं?"

मग सगळं सांगितलं. गास्पार खालच्यांच्या बालवर्गात होता, पण त्याला अक्षरं लागत नव्हती. खालच्यांनी पाओलाला बोलावलं, कॉफी पाजली, आणि गोड बोलून सांगितलं की गास्पार एखाद्या लहान शाळेत जास्त फुलेल. तुम्ही आपणहून काढलात तर त्याच्या नावावर शेरा राहणार नाही. काढून टाकलं असं कुणी म्हणालंच नाही. पाओला आठवडाभर न्हाणीघरात जाऊन रडत होती. आईला सांगायची लाज वाटली तिला. आई शिक्षिका ना!

माणूस किती नीच होतो बघा. माझ्या मनात आधी आकडाच आला. "बाई, सुंठीवाचून खोकला गेला! गास्पार चौदावा, आणि यास्ना शब्दाची पक्की. झाले की पंधरा."

"तिनं विचारलं, का आणला, तर?"

"नाही विचारणार. नातू आणा म्हणाली, तुम्ही आणलात. यात खोटं कुठे आहे?"

कॉपी करताना पकडलेल्या पोराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. पण दुसऱ्या दिवशी गास्पारचा हात धरून यास्नाकडच्या पायऱ्या चढू लागल्या. शाळेचं ऑफिस दुपारी बंद होणार होतं. मी घड्याळ बघत मागून.

यास्ना नुकतीच पाळीवरून आली होती. गास्पारला बघून तिचा चेहरा एकदम निवळला.

"खरंच आणलात?" ती म्हणाली. "मला वाटलं नव्हतं, मावशी. त्या दिवशी जास्त बोलले मी. मनात ठेवू नका."

तिनं ओले हात फडक्याला पुसले आणि म्हणाली, "द्या, कुठं सही करायची?" मी पेन तिच्या हातात जवळजवळ कोंबलं. सही कर बाई, एकदाची कर.

"थांब, यास्ना," ओर्तेन्सियाबाई म्हणाल्या. पोरांना कुत्र्याकडे पिटाळलं. "त्याला मी आणला नाही. खालच्यांनी काढला. अक्षरं लागत नाहीत त्याला."

मी त्यांच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. एक सही! अर्ध्या मिनिटाचं मौन! तेवढ्यासाठी अख्खी शाळा पणाला लावली.

यास्नानं पेन टेबलावर ठेवलं. बाहेर गास्पारकडे बघत राहिली. "बिचारा," म्हणाली. मग आवाज खाली आणून, बाईंकडे न बघता तिनं विचारलं, "मग मावशी, खाली एक जागा रिकामी झाली असेल ना?"

मी डोळे मिटून घेतले.

"झाली असेल," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळीच जा. आणि तिला मोठ्यानं वाचायला सांग. मनातल्या मनात वाचते ती, तिथं त्यांना वाटेल, येत नाही."

पायऱ्या उतरताना मी नको नको ते बोललो. तुमच्या खरेपणाचं लोणचं घाला, इथपर्यंत बोललो. गास्पार पुढे उड्या मारत होता, म्हणून आवाज दाबून. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "मियारायही माझीच पोरगी आहे, निबाल्दो."

मार्चमध्ये शाळेचं नवं वर्ष सुरू झालं आणि पहिली-दुसरी एका खोलीत बसली. मियाराय खालच्या शाळेचा गणवेशाचा कोट घालून जाऊ लागली, रस्त्यात भेटली की बाईंच्या गळ्यात पडायची. यास्ना मात्र पलीकडच्या कडेनं जायची. बाई वर्ग सुटल्यावर गास्पारला घेऊन बसायच्या, रोज, चिडून, हसून, कधी त्याच्यासमोरच डोळे पुसून. हिवाळा गेला तरी अक्षरं त्याच्या हाताला लागेनात. मला वाटलं, खालच्यांचंच खरं.

ऑक्टोबरात एका सकाळी शाळेच्या फाटकावर कागद चिकटवलेला दिसला. बाई आणि मी समोर उभे. वाचवेना. मध्येच गास्पार घुसला आणि अक्षरांवर बोट ठेवत आजीला वाचून दाखवू लागला की ही शाळा वर्षअखेरीला बंद करण्यात येत आहे. 'विलीनीकरण' शब्दाला अडखळला. बाकी सगळं त्यानं बरोबर वाचलं.