कोरडी फाटकं

युसूफ वडगावात आमच्या गल्लीला माझ्या कुत्र्याचा एकच त्रास होता. फाटक दिसलं की याचा पाय वर. नर कुत्रा आपल्या हद्दीवर असाच सही करत फिरतो, हे मी समोरच्या काकांना दहादा सांगून पाहिलं. काका एसटीत कंडक्टर होते आणि अजूनही सगळ्या गल्लीकडं तिकीट तपासल्यासारखे बघतात. "सही करायची तर तुमच्या दारावर कर म्हणावं त्याला," ते म्हणाले आणि नीळ कालवलेल्या पाण्याची बाटली त्यांनी फाटकाला टांगली.

निळं पाणी दिसलं की कुत्री तिकडं फिरकत नाहीत, असा आमच्याकडं पक्का समज आहे. मला हसू आलं. पण थोड्याच दिवसांत काकांचं फाटक खरंच कोरडं राहू लागलं. मग काय, घरोघरी निळ्या बाटल्या लटकल्या आणि सगळी गल्ली कोरडी झाली. काका भेटेल त्याला सांगायचे, "लई जालीम उपाय हाय."

कुत्र्यानं पाय वर करायचं मात्र सोडलं नव्हतं. तो प्रत्येक बाटलीखाली उभा राहायचा, पूर्वीपेक्षा जास्तच वेळ, आणि तसाच पुढं जायचा. मला वाटलं, बिचारा बाटलीला बिचकतोय. मग एका सकाळी त्यानं भाकरीला तोंड लावलं नाही. अंगणातल्या फरशीवर लालसर थेंब दिसले. पोटाला हात लावला तर कळवळला. समोरच्या ओट्यावरून काका बघत होते.

मी आरडाओरडा करायच्या आत काकांनी मोटारसायकल बाहेर काढली होती. कुत्र्याला वाकळीत गुंडाळून मांडीवर घेतलं आणि मी मागं बसले. अंबाजोगाईपर्यंत दर खड्ड्याला काका विचारत होते, "हाय का गं?"

जनावरांच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं. "मुतखडा अडकलाय. लघवी तुंबलीय. अजून उशीर केला असता तर हाती लागला नसता. कधीपासून होतंय हे?"

मी आठवत होते. काकाच खाली बघत म्हणाले, "बाटली टांगल्यापासून."

डॉक्टरांना त्याचा काही अर्थ लागला नाही. त्यांनी काकांना कुत्रा घट्ट धरायला लावला, अजिबात हलू नका म्हणाले आणि बारीक नळी आत सरकवू लागले. नळी अडली. पुन्हा अडली. मला बघवेना, मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. तेवढ्यात काका म्हणाले, "आली." वळून बघते तर नळीचं तोंड भांड्यातून निसटलेलं आणि धार थेट काकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. मला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

काका जागचे हलले नाहीत. कुत्र्याच्या कानाशी वाकून हळूच म्हणत होते, "होऊ दे, बाबा. समदी होऊ दे."