शेवटचा चेहरा

छापलेला प्रत्येक कागद मावशी आधी उलटा धरून बघायची. सकाळचं वर्तमानपत्र, विजेचं बिल, माझी गुणपत्रिकासुद्धा. सुलटा कागद माणूस वाचत सुटतो, उलट्यात काय कुठे बसलंय तेवढंच दिसतं, असं तिचं म्हणणं. आई चिडायची, "अगं, पोरीचे मार्क तरी बघ."

"बघते ना. मार्कांची रांग वाकडी आहे."

एका छापखान्यात तिने एकतीस वर्षं अक्षरजुळणी केली. मजकूर कुणीही टाकायचं. चिन्हं मात्र तिच्याकडे यायची. फॉर्मवरची कात्री, फोन, बाण, हसरे चेहरे. पलीकडच्या टेबलावरून कुणी "बाई, अंशाचं चिन्ह?" असं विचारलं की मान वर न करता ती कोड सांगायची. मालक तिला कौतुकाने चिन्हबाई म्हणायचे. ती काही मागायला गेली की म्हणायचे, "चिन्हं काय, कुणीही टाकेल."

एकदा इस्पितळाचं काम आलं. दुखणं किती आहे ते रुग्णाने बोट ठेवून सांगायचं, असा तक्ता: हसऱ्यापासून रडक्यापर्यंत पाच चेहरे. मशीनमधला तयार रडका चेहरा मावशीला खोटा वाटला. तिने दोन दिवस घालवून स्वतः काढला. इस्पितळाच्या व्यवस्थापकांनी तो बघितला.

"हा फार रडतो हो. सगळे ह्याच्यावरच बोट ठेवतील, आणि इंजेक्शनं पुरवायची आम्ही."

"मग काय करू?"

"थेंब काढा. तोंड जरा वर घ्या."

मालक शेजारीच उभे होते. मावशीने दोन्ही थेंब काढले, तोंड वर ओढलं. त्या दिवशी कागद उलटा न धरताच तिने छपाईला दिला.

सात वर्षांनी तिच्या हाडांत दुखणं शिरलं. तेच इस्पितळ, पलंगाला अडकवलेला तोच तक्ता. दुपारी कळ आली की ती उशीची कड चावून धरायची. सिस्टरने तक्ता समोर धरला. मावशीने शेवटच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"रडक्याला इंजेक्शन, असं लिहून दिलंय आम्हाला," सिस्टर म्हणाली. "हा कुठे रडतोय? गोळी देते, आजी."

"सिस्टर, ह्याच्यापुढे चेहराच नाहीये," मी म्हटलं.

"मला तक्त्याप्रमाणे जावं लागतं, ताई."

मी मावशीकडे बघितलं. "हा मीच काढलाय, आधी रडत होता," एवढं तरी तिने सांगावं असं मला वाटत होतं. तिने गोळीसाठी हात पुढे केला.

असे नऊ दिवस गेले. मी लेखी तक्रार केली. उत्तर आलं: तक्ता तज्ज्ञांकडून तयार करून घेतलेला आहे. मी तिला ते वाचून दाखवलं. तिने कागद मागून घेतला, उलटा धरला, बराच वेळ बघितला. त्यानंतर जे बोलली, तेच शेवटचं.

"समास चुकलाय गं. एका बाजूला जास्त सोडलाय."