पठाराच्या पाण्याचं गणित
‘आकडे जुळले’ हे शब्द ऐकले की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

दोन हजार सालच्या आसपास मी पुण्यात एका कचेरीत भूजलाचं गणित करत होते. जमिनीखालचं पाणी कुठून कुठं जातं, ते कॉम्प्युटरवर मांडायचं. त्या वर्षी आणे गावच्या पठाराचं काम आमच्याकडे आलं. माझं माहेर तिथलं. पाझर तलाव आण्याला द्यायचा की दुसऱ्या गावाला, हे आमच्या अहवालावर ठरणार होतं.

नकाशावर पठाराच्या चौकोनी चौकटी पाडायच्या. प्रत्येक चौकटीतली पाण्याची पातळी शेजारच्या चार चौकटींवरून काढायची, मग पुन्हा काढायची, आकडे हलायचे थांबेपर्यंत. ते थांबले की विहिरींतल्या खऱ्या मापांशी ताडून बघायचे.

मापं घ्यायला पौषात मी जीप घेऊन गेले. विहिरी निम्म्याच्या वर भरलेल्या. माझे काका त्यांच्या विहिरीच्या काठावर उभे होते. म्हणाले, “आज मोजू नको पोरी. लाईटची डीपी जळून धा दिस झालं. गावात एक मोटर चालली न्हाई, म्हनून पानी वर आलंय. लाईट आल्यावर ये.”

जीप एकाच दिवसाची मिळाली होती. मी विहिरीत टेप सोडला.

उपशाच्या रकान्यात मात्र नेहमीचा आकडा गेला, मोटर रोज आठ तास. एवढा उपसा होऊनही विहिरी भरलेल्या? मग गणित जुळवायला मी पावसाचं मुरणारं पाणी वाढवत नेलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे लहान पोराला कळतं. मी कॉम्प्युटरवर आडच भरून ठेवला. आकडे असे झकास बसले, की साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. मीही प्यायले, बेशरमासारखी.

आण्याला पाणी पुरेसं आहे, असा अहवाल गेला. तलाव दुसऱ्या गावाला मिळाला.

मग मी साहेबांना डीपीचं सांगितलं. म्हटलं, गणित परत करू. ते म्हणाले, “आकडे जुळलेत ना बाई? आता कशाला उकरून काढता?” त्यांचा राग आला, लई आला. पण अहवाल गेला तेव्हा त्यांना डीपी ठाऊक नव्हती. मला होती, आणि तलाव जाईपर्यंत मी गप्प बसले होते. स्वतःवरचा तो राग अजून गेलेला नाही, जाऊही नये.

चैत्रात माहेरी गेले तर काका टँकरच्या रांगेत उभे. घरी त्यांची विहीर कोरडी पडली होती. ओरडतील, असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“डीपीचं म्या सांगितलं व्हतं. लिवलं न्हाईस का?”

“लिहिलं होतं काका. वहीत.”

“मंग?” एवढंच म्हणाले, आणि रांग सरकली तसा त्यांनी हंडा पायानं पुढं ढकलला.