फुलकोबीचं छप्पर

सेक्टर दहाच्या आमच्या ओळीत प्रत्येक क्वार्टरला मागे अंगण होतं आणि त्या अंगणात छप्पर घालायला मनाई होती. नियम चुकीचा नव्हता. कारखाना उभा राहत होता, माणसं येतच होती, आणि लोक अंगणात टिनाची खोली काढून भाड्याने देत. वेलाच्या मांडवाला मात्र हरकत नव्हती. मांडव कोणता आणि छप्पर कोणतं, हे ठरवायची आमच्या साहेबांची पद्धत सोपी होती. वरून लोटाभर पाणी ओतायचं. खाली गळलं तर मांडव, अडलं तर छप्पर. वसाहतीच्या कचेरीत मी मोजणीचं काम करत असे. लोटा धरायचं कामही माझंच.

आमच्या शेजारच्या वहिनी भंडाऱ्याकडच्या, माहेरी भाजीपाल्याची शेती. त्या वर्षी त्यांनी भर पावसाळ्यातच फुलकोबीची रोपं करायचं ठरवलं, म्हणजे दिवाळीला गड्डे हाती येतील. सगळ्या ओळीला रोपं द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं आणि घरोघरी वाफे खणून तयार होते. आपल्या वाफ्यावर बांबूच्या कमच्या वाकवून त्यांनी यंत्रांच्या खोक्यांतून निघालेलं प्लॅस्टिक ताणलं. दिसायला झाकलेल्या बैलबंडीसारखं, कमरेएवढं उंच. समोरचे काका रोज विचारत, कोंबड्या कधी आणता? वहिनी म्हणत, तुम्ही आरवायचं थांबवा, मग आणते.

साहेबांचा फेरा ठरल्याचं मला कचेरीत कळलं. संध्याकाळी मी कुंपणापाशी गेलो.

"वहिनी, प्लॅस्टिकले भोकं पाडा. पाणी गळलं का मांडव ठरते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "भाऊजी, पाणी आत जाऊ नाही म्हणूनच तं बांधलं ना मी."

"नाई तं उपटून टाकतीन."

त्यांनी पोती शिवायच्या दाभणाने भोकं पाडली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी पाणी ओतलं, ते रोपांवर ठिबकलं, आणि मी 'मांडव' असं लिहून घेतलं. साहेब गेल्यावर वहिनींनी विचारलं, आता वरून गोणपाट टाकू का? साहेब पुन्हा बघायला येतील असं सांगून मी नको म्हणालो. ते येणार नव्हते. पण गोणपाट कोणाच्या डोळ्यांवर आलं असतं तर भोकांची युक्ती कोणी शिकवली हेही निघालं असतं. माझी नोकरी नवी होती आणि क्वार्टर नोकरीबरोबरचं होतं.

मग दिवसरात्र पावसाची झड लागली. भोकं ताणून फाटली, वाफ्यात पाणी साचलं, रोपांनी माना टाकल्या. उघडीप झाल्यावर ओळीतल्या बायका बघायला जमल्या. कोणीतरी विचारलं, चांगल्या प्लॅस्टिकला भोकं कावून पाडली? मी कुंपणाच्या अलीकडे सायकल पुसत होतो.

"मले वाटलं, रोपाईले हवा पायजे," वहिनी म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

बायका हसल्या. खणलेल्या वाफ्यांत मेथी पेरली गेली. वहिनींच्या हाताला गुण नाही, असं ओळीत ठरून गेलं आणि पुढे कोणी त्यांच्याकडे रोपं मागितली नाहीत. त्यांनीही पुन्हा फुलकोबी लावली नाही. त्याच कमच्यांवर वाल चढवला आणि दरवर्षी पहिल्या शेंगा आमच्याकडे पाठवत राहिल्या. माझी बायको म्हणे, किती जीव आहे त्यांचा आपल्यावर. मी जेवत राही.

वहिनी आता नाहीत. मागे नेहरू नगरात त्यांच्या नातवाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला गेलो होतो. पंगतीत त्याने आजीची गोष्ट सांगितली: कोबीला श्वास घेता यावा म्हणून दादीने प्लॅस्टिकला भोकं पाडली होती. सगळे हसले. त्याने मला विचारलं, "आबा, तुम्ही तर शेजारीच होता. असंच झालं ना?" मी मान हलवली.

तसं झालं नव्हतं. वहिनींना भाजी चांगली कळत होती. भोकं मी पाडायला लावली आणि गोणपाटही मीच टाकू दिलं नाही. हे लिहिलेलं त्या नातवाला देणार आहे. तो इथल्या हिंदी शाळेत शिकलेला, त्याला मराठी वाचायला जड जातं, म्हणून समोर बसून वाचून दाखवीन.