खलनायकाच्या पिस्तुलाचं मॅगझीन

झाडीपट्टीच्या नाटकात खलनायकाला टाळ्या पडल्या की समजावं, गडी कामातून गेला. त्याला शिव्या पडल्या पाहिजेत. मी आमच्या मंडळीत अकरा हंगाम खलनायक होतो आणि अभिमानानं सांगतो, चंद्रपूर-गडचिरोलीत मला अजून न मिळालेली शिवी शिल्लक नाही. मूल शहराच्या अलीकडच्या एका गावात तर एका म्हातारीनं माझ्या हातातला पाण्याचा लोटा परत ओढून घेतला होता. "सासऱ्याले मारते अन् पाणी मांगते!" म्हणाली. त्या रात्री मी उपाशी झोपलो, पण असा सुखानं झोपलो की विचारू नका.

नाटकाचे महिने सोडले तर मी चामोर्शीत फिटरचं काम करतो. घरामागच्या पडवीत लोखंड पकडायचा एक व्हाइस, सात-आठ कानशी आणि बायकोचे टोमणे एवढं माझं वर्कशॉप. मंडळीचं पिस्तूल दुरुस्त करायचं काम म्हणूनच माझ्याकडे आलं.

पिस्तूल खरं होतं. म्हणजे एके काळी होतं. कुण्या जमीनदाराच्या घरातलं, माझ्या आजोबांपेक्षा म्हातारं. नळीत शिसं ओतलेलं, आतला ठोकणारा खिळा काढून टाकलेला, आणि तसा शिक्क्याचा कागद निर्मात्याच्या ट्रंकेत. गडचिरोलीकडे जाताना नाक्यावर दर वेळी तो दाखवावा लागे. एकदा शिपायानं विचारलं, "मग ह्यानं मारता कोणाले?" मी म्हणालो, "पब्लिकले जी, हसवून हसवून." माझी जीभ काळी, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्याचं मॅगझीन, म्हणजे मुठीत सरकवायची गोळ्यांची डबी, तेवढं त्याचं नव्हतं. मूळचं कधीच हरवलेलं; कुणी तरी दुसऱ्याच पिस्तुलाचं कोंबलेलं. त्या काळच्या पिस्तुलांचं असं असतं की प्रत्येकाचा भाग कारागिरानं हातानं घासून बसवलेला. एकाचं मॅगझीन दुसऱ्यात जातं, पण राहत नाही. मी ते घासूनपुसून बसतं केलं होतं आणि दोन हंगाम ते बसून राहिलं.

मग तो प्रयोग झाला. दुसरा अंक. नायिकेच्या बापाच्या छातीवर मी पिस्तूल रोखलं, ऑर्गनवाल्यानं सूर ओढला, बायांनी पदर तोंडाला लावले, आणि माझ्या मुठीतून मॅगझीन निसटून फळीवर पडलं. टण्! अशा वेळी मी ते पायानं विंगेत सरकवलं असतं. पण आमचा नायक, ज्याचं त्या प्रवेशात काही कामच नव्हतं, तो विंगेतून आत आला, वाकला, मॅगझीन उचललं आणि मला आदबीनं देत म्हणाला, "मालक, तुमचा डबा पडला. जेवण झालं का नाई?"

धान कापलेल्या बांधीत बसलेलं ते सगळं गाव हसलं. बायांनी तोंडावरचे पदर काढले, हसता यावं म्हणून. पुढे मी खून केला, घर जाळलं, नायिकेला पळवलं, लोक आपले "डबा! डबा!" करून राहिले. सकाळी निर्माता म्हणाला, "भाऊ, तुमाले पाहून पोट्टे हसून राह्यले. संक्रांतीनंतर दुसरा माणूस पाहा लागन." दुसरा माणूस कोण, तेही तयार होतं. नायकाचा मेहुणा. सहा फूट उंच, मिशा पिळलेल्या, आवाज मात्र सुईणीसारखा मऊ.

पिस्तूल घरी आणून उजेडात धरलं, तर मॅगझीन अडकवून ठेवणाऱ्या खटक्याच्या दात्यावर लाल डाग. खर्रा. आमच्या मंडळीत हा तंबाखू-सुपारीचा खर्रा सगळेच खातात, पण बोटं न पुसता सगळ्या वस्तूंना हात लावणारा एकच, नायक. आणि दात्याची धार घासलेली होती, चक्क घासलेली, तीही नखाच्या कानशीनं. कानस मारणाऱ्याची अक्कल ओरखड्यात दिसते. हे ओरखडे तोंडाला पावडर लावणाऱ्या माणसाचे होते.

मी कोणाला काही बोललो नाही. निर्मात्याला सांगितलं असतं तर नायक "मी नाई" म्हणाला असता आणि गोष्ट संपली असती. मला गोष्ट संपवायची नव्हती. सुरू करायची होती.

चार दिवस सुट्टी होती. मी पडवीत बसलो. दात्याच्या जागी नवा पोलादी दाता बसवायला घेतला. दिव्याची काजळी धरायची, भाग आत सरकवायचा, बाहेर काढून पाहायचं, काळं कुठं पुसलं, तिथंच कानशीचा एक हात द्यायचा. दोन दिले की गेलं. बायको वाटण वाटता वाटता म्हणाली, "अजी, कानस घासून राह्यले का दात खाऊन राह्यले? आवाज एकच येते."

"दोन्ही," मी म्हणालो.

"कोणासाठी?"

"हीरोसाठी."

ती वाटायची थांबली. "मंग बारीक घासा," म्हणाली.

बारीकच घासलं. बाहेरून काही फरक दिसत नव्हता. तोच खटका, तेच मॅगझीन. फक्त आता खटका दाबून खाली ओढलं तर ते जास्त घट्ट धरत होतं. आधी केसभर वर ढकलायचं, मग दाबायचं, मग ते तळहातावर असं उतरायचं जसं झाडावरून पिकलेलं टेंभरू. हे माहीत असणारा माणूस जगात एकच होता. बायकोला दाखवलं, म्हणजे दोन.

आता तिसऱ्या अंकाचा शेवट सांगतो. तोवर पहाट झालेली असते, पडद्यामागे उजाडू लागतं. नायक माझ्याकडून पिस्तूल हिसकावतो, मला गुडघ्यावर आणतो, एका हातानं मॅगझीन काढतो आणि माझ्या पायाशी फेकून म्हणतो, "ही घे तुझी ताकद!" सगळं नाटक त्या वाक्यासाठी.

सुट्टीनंतरच्या प्रयोगात त्यानं हिसकावलं. मी गुडघ्यावर आलो, हात वर. त्यानं ओढलं. आलं नाही. छाती फुगवून पुन्हा ओढलं. मग पाठ फिरवून, पोटाशी धरून, दोन्ही हातांनी. ऑर्गनवाला तोच सूर लांबवत राहिला. बिचाऱ्याचा पाय भरून आला असेल. मी खालून अगदी आदरानं बघत होतो.

"अबे, पाना देऊ का?" मागून कोणी तरी ओरडलं.

"दातानं ओढ गा!"

आणि त्यानं खरंच दात लावले. एक बाई उभी राहून म्हणाली, "माय वो, लेकरू उपाशी हाय!"

नायक माझ्याजवळ वाकला. पावडरीतून घामाच्या रेघा निघाल्या होत्या. कुजबुजला, "भाऊ, काढून दे ना."

मी माईककडे तोंड केलं. "काय म्हणते हीरो? जोरात सांग, बापा. मागच्या लोकायले ऐकू नाई आलं."

मी गुडघ्यावरूनच हात पुढे केला, पिस्तूल त्याच्याच मुठीत राहू दिलं, अंगठ्यानं केसभर ढकललं, खटका दाबला. मॅगझीन माझ्या तळहातावर. ते त्याच्या हातात ठेवत मी म्हणालो, "ही घे माझी ताकद. जपून वापर."

टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. नाटकातले पोलीस मला धरून नेऊ लागले तर लोक ओरडले, "त्याले सोडा, हीरोले धरा!"

त्या क्षणाला मला जे सुख झालं ते मी लपवणार नाही. पण मघाशी सांगितलंच, टाळ्या पडल्या की खलनायक संपला. पडदा पडताच निर्माता लालबुंद होऊन आला. "एकाले पोट्टे हसत होते, आता दोघायले हसते! पुढच्या गावात हे झालं तर दोघंबी घरी. मेहुणाबी नाई अन् साळाबी नाई!"

म्हणजे माझी जागा आता नायकाच्या अंगठ्यावर अवलंबून होती. त्याला ते काढता आलं पाहिजे, आणि शिकवणारा मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो चामोर्शीला माझ्या पडवीत आला. बिनपावडरीचा पहिल्यांदाच नीट पाहिला. तसा साधा माणूस. बायकोनं चहा ठेवला आणि तिथंच उभी राहिली, तमाशा सोडायला ती काही खुळी नव्हती. मी पिस्तूल त्याच्या हातात दिलं नाही. आधी कानस दिली.

"एक जुना तुकडा घे. घास."

"काऊन?"

"तुले आवड हाय म्हणून."

त्याचा चेहरा उतरला. वीस मिनिटं घासलं त्यानं, हात काळे, बोटाची साल गेली. मी शेजारी बसून चहा पीत होतो. "वाकडा जाऊन राह्यला," एवढंच अधूनमधून सांगत होतो. शेवटी कानस खाली ठेवून म्हणाला, "चुकलं भाऊ. मीच घासलं होतं. मेव्हण्याले काम नाई, बहीण रोज रडते."

"मंग माझ्याजवळ येऊन रडायचं," मी म्हणालो. "शिपायाचं काम लावून देलो असतो त्याले. मले पकडायचं."

बायको म्हणाली, "आता तरी शिकवा." शिकवलं. चाळीस वेळा काढून घेतलं त्याच्याकडून.

पुढच्या गावी मॅगझीन त्याच्या हातात अलगद आलं. माझ्या पायाशी पडलं. बायांनी मला शिव्या दिल्या, निर्मात्यानं मान डोलावली, संक्रांतीनंतरही मीच राहिलो. मेहुण्याला शिपायाची टोपी मिळाली, दर पहाटे तो मला दंडाला धरून न्यायचा आणि हळूच विचारायचा, "जास्त आवळलं का जी?"

पण खरी मजा वेगळीच. खटका दाबायच्या आधी नायक दर प्रयोगाला एक क्षण माझ्याकडे बघतो. डोळ्यांत भीती असते, की मी रात्रीतून पुन्हा काही घासलं तर नाही ना. त्यानंतर मी कधीच काही घासलं नाही. फक्त त्या क्षणाला, गुडघ्यावर बसल्या बसल्या, त्याच्याकडे पाहून किंचित हसतो.