कळपाच्या पुढे

वेंडेलिन प्रांट्लला त्याच्या सासुरवाडीत, म्हणजे ओबरहोफच्या घरात, सगळे 'ट्रकवाला' म्हणत. लग्नाला बावीस वर्षं होऊनही जावयाला नावानं हाक मारायची नाही, याला दुष्टपणाच म्हणायचं. ते लोक मात्र त्याला थट्टा म्हणत.

बरं, माणूस गचाळ ट्रकवाला असता तर गोष्ट वेगळी. घाटात त्याचा हात धरणारा दुसरा कोणी त्या खोऱ्यात नव्हता. चाळीस टनांचं धूड घेऊन खिंड उतरताना तो ब्रेकला क्वचितच पाय लावायचा. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकायचा आणि इंजिनाच्या जोरावर गाडी रोखून धरायचा. खाली धाब्यावर कुणाची गाडी जळक्या ब्रेकचा वास मारत आली की म्हणायचा, "आले बघा, डोंगर भाजून आणलाय साहेबांनी." बोगद्यात शिरताना मात्र तो टोपी काढून मांडीवर ठेवी. त्याचा बाप बोगदे खणणारा मजूर होता आणि एका बोगद्यातून तो परत आलाच नव्हता.

बाप मजूर म्हणजे घरात ना गोठा ना कुरण. सासरा इग्नात्स हे कधी विसरला नाही. दर सप्टेंबरात गाई उन्हाळ्यातल्या कुरणावरून खाली येत, फुलापानांचे मुकुट घालून, घंटा वाजवत, भर गावातून. पुढे काठी घेऊन घरातला पुरुष चाले. वेंडेलिन मात्र रस्त्याच्या कडेला, फोटो काढायला आलेल्या पाहुण्यांच्या रांगेत उभा. वर सासऱ्याची ताकीद, "मध्ये येऊ नकोस, ट्रकवाल्या. गाई बुजतात."

त्या साली गाई वर कुरणावर असतानाच दरड कोसळली आणि गाईंची जुनी पायवाट अख्खी दरीत गेली. उरला फक्त मोटाररस्ता, सगळी नागमोडी वळणं आणि शेवटी लांबलचक बोगदा. म्हाताऱ्याला जावयाच्या दारात यावं लागलं.

"ट्रकनं आणतो गाई," वेंडेलिन म्हणाला. "मला काही नको. पण गावातून कळपाच्या पुढे मी चालणार."

इग्नात्सनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "धडधाकट आणल्यास तर चाल."

गाई उतरवायच्या आदल्या रात्री वेंडेलिनची बायको बुर्गी हिनं त्याचा निळा सणाचा सदरा दोनदा इस्त्री केला.

उन्हाळा निर्विघ्न गेला होता. एकही गाय कड्यावरून पडली नाही, एकीवरही वीज पडली नाही. त्यामुळे मुकुट घालायला हरकत नव्हती. कुरणावर किंवा उतरताना एक जरी जनावर दगावलं, तरी तिथे कुणी गाईंना मुकुट घालत नाही. काळ्या फिती बांधून मुकाट्यानं खाली उतरतात.

सकाळी गुरांच्या ट्रकमध्ये गाई चढवल्या. वेंडेलिननं एकेकीच्या गळ्यातली घंटा सोडवली. शेवटी राहिली सेंटा, कळपाची म्होरकी. तिच्या गळ्यात रुंद चामडी पट्ट्यावर मोठी घंटा होती, बादलीएवढी. त्यानं पट्ट्याला हात घातला तसा म्हातारा ओरडला, "ती राहू दे!"

"बाबा, ट्रकमध्ये घंटा ठेवत नाहीत. कशात तरी अडकते."

"घंटेशिवाय सेंटाला बाकीच्या म्होरकी मानत नाहीत. खाली उतरताच शिंगं लावतील. ट्रकमधलं तुला कळतं, गाईंमधलं मला कळतं."

मेहुणा रूपर्ट बाजूलाच उभा होता. तो म्हणाला, "बाबांचं ऐक ना, वेंडल. आजच्या दिवशी कशाला वाद?"

वेंडेलिनला आपलं म्हणणं बरोबर आहे हे पक्कं ठाऊक होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे गावचा रस्ता आणि आपल्या हातातली काठी होती. त्यानं पट्टा सोडून दिला आणि ट्रकची मागची फळी लावून घेतली. म्हातारा आणि रूपर्ट मोटारीनं पुढे गेले.

घाट त्यानं असा उतरवला की मागे पाण्याचा ग्लास ठेवला असता तरी सांडला नसता. बोगद्याच्या तोंडाशी टोपी काढली. आणि निम्म्यात सिग्नल लाल झाला. पुढे कुणाची तरी गाडी बंद पडली होती. इंजिनं बंद करा, अशी पाटी पेटली. त्यानं इंजिन बंद केलं.

मग घंटा ऐकू यायला लागली.

आधी सावकाश. मग त्या भिंतींनी प्रत्येक ठोका परत पाठवायला सुरुवात केली. गाई बिथरल्या. खुरांचा तडतडाट झाला, ट्रक डावीकडे-उजवीकडे हलू लागला. वेंडेलिन उतरून धावला, बाजूची झडप उघडली. सेंटा घसरून गुडघ्यांवर पडली होती. गळ्यातला पट्टा मधल्या फळीच्या खिटीत अडकून ती लटकत होती आणि बाकीच्या तिच्या अंगावर पाय देत होत्या. मागची फळी पाडावी तर पंधराएक गाई बोगद्यात मोटारींमध्ये मोकाट. त्यानं चाकू धरून खांद्यापर्यंत हात आत घातला. बोटांची पेरं चामड्याला लागत होती. पातं पोचत नव्हतं.

"सेंटे, थांब गं बाई. थांब," तो म्हणत राहिला. मागच्या मोटारीतला माणूस काच खाली करून हसला, "अहो, गाणं शिकवताय का तिला?"

घंटा थांबली तरी सिग्नल लालच होता.

गावाबाहेरच्या मैदानात मुकुट मांडून ठेवले होते. बँडवाले बिअर पीत होते. रूपर्टनं फळी पाडली. आत सेंटा मरून पडलेली दिसली, तसे बँडवाल्यांनी ग्लास खाली ठेवले.

म्हाताऱ्यानं सेंटाच्या तोंडावरून एकदा हात फिरवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "घंटा काढली नाहीस?"

"बाबा, तुम्हीच म्हणालात ना, राहू दे म्हणून. रूपर्ट होता तिथं."

रूपर्ट वाकून आपल्या बुटाची नाडी बांधू लागला.

"मी गोठ्यातला म्हातारा," इग्नात्स म्हणाला. "मला ट्रकमधलं काय कळतं? ट्रक कोण चालवत होतं?"

"मी."

"मग?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. बायकांनी मुकुट परत टोपल्यांत ठेवले आणि काळ्या फिती आणल्या. आता प्रश्न असा, की गोठा गावाच्या पलीकडे आणि पुढची घंटा वाजल्याशिवाय तो कळप पाऊल उचलत नाही. इग्नात्सनं सेंटाच्या गळ्यातला पट्टा स्वतःच्या हातानं सोडवला. त्यावर अजून ओल होती.

"पुढे चालायचं होतं ना तुला?" तो म्हणाला. "वाक."

त्याला नाही म्हणता आलं असतं. ट्रकमध्ये बसून घरी जाता आलं असतं. पण बावीस वर्षं या माणसाला एकच गोष्ट हवी होती, आणि ती समोर आल्यावर त्याची मान आपसूक वाकली. पट्टा गळ्यात पडला, बकल आवळलं गेलं. काठी रूपर्टनं घेतली आणि तो मागे उभा राहिला.

गावातला रस्ता दोन्ही बाजूंनी भरला होता. पाहुण्यांनी फोन वर केले. त्यांना वाटलं, हाही रिवाजच असेल. चर्चच्या पायऱ्यांवर बुर्गी तळलेल्या क्राप्फनचं ताट घेऊन उभी होती. तिनं निळा सदरा ओळखला, मग गळ्यातलं पाहिलं. ताट पायरीवर ठेवून ती आत निघून गेली.

त्या वजनानं वेंडेलिनला मान वर करता येत नव्हती. दर पावलाला घंटा छातीवर आपटून वाजत होती. तो जरा अडखळला की मागे खुरं थांबत, तो चालू लागला की चालू लागत. एकही गाय बुजली नाही.

घंटा ओळखीची होती. गाई त्याच्या मागोमाग थेट गोठ्यात गेल्या.