ह्या बाजूला दार नाही

महिन्यापूर्वी सकाळी दुकानाचं शटर वर करत होते, तेव्हा अण्णांच्या सुनेचा फोन आला. "पहाटे झोपेतच गेले, अक्का." शटर अर्ध्यावर धरून मी तशीच उभी... आणि पहिला विचार काय यावा? आज बॅनर कोण तपासणार! लाज वाटली. अण्णा मात्र हे ऐकून हसलेच असते.

चामराजपेटच्या आमच्या फ्लेक्सच्या दुकानात अण्णा पूर्वी हाताने बोर्ड रंगवायचे. मशीन आल्यावर मालकांनी त्यांना तपासायच्या कामावर ठेवून घेतलं. त्यांच्या घरात मराठीच, पण कितीतरी पिढ्या बेंगळुरात मुरलेली. मी निपाणीकडची, आठवीत शाळा सुटलेली, कॉम्प्युटर भीत भीत शिकलेली. दर शनिवारी वाटायचं, सोमवारी आपल्याला गावी पाठवणार. अण्णांनी मला कन्नड अक्षरं शिकवली ती पुढाऱ्यांच्या नावांवरून. "पुढारी बदलतात, अक्षरं तीच राहतात. स्वल्प ध्यान दे," म्हणायचे.

नव्या बसगाड्या आल्या तेव्हा एका पुढाऱ्याचं भलंमोठं बॅनर माझ्याकडे आलं. साहेब हात उंचावून उभे, शेजारी बस. पण बस साहेबांकडे पाठ करून निघालेली, म्हणून मी तिचा फोटो पलटवला. उलटी झालेली अक्षरं एकेक करून सुलटी केली, आणि दाराचं विसरले. अण्णा नेमके रजेवर. बॅनर थांब्यावर लागलं तेव्हा दार बसच्या उजव्या अंगाला, भर रहदारीकडे. कंडक्टर मंडळी फोटोतल्या साहेबांना हात जोडून विचारत होती, "साहेब, उतरायचं कसं?"

साहेबांच्या माणसाचा फोन आला. तो ठेवून मालक माझ्याकडे वळले. मी मनातल्या मनात पिशवी भरली. तेवढ्यात अण्णा घरून आले, रंगाचे डबे आणि शिडी उचलली, म्हणाले, "चल."

सत्तरीचा माणूस थांब्यावर शिडी चढला आणि दारावर खिडक्या रंगवायला लागला. खाली ही गर्दी.

"अण्णा, मला खिडकीची जागा ठेवा," कुणीतरी म्हणालं.

"आधी तिकीट दाखव."

शेवटच्या खिडकीत त्यांनी एक बाई काढली. खांद्यावर वेणी, डोळे भेदरलेले. मी ओळखलं.

"अण्णा, मी कशाला?"

"बस की आत. ह्या बाजूला आता दारच नाही. तुला कोण उतरवतंय?"

दुसऱ्या दिवशी मालकांनी नवं बॅनर माझ्यापुढेच टाकलं. त्या शनिवारी मी सोमवारची काळजी केली नाही... म्हणजे थोडीच केली.

गेल्या आठवड्यात मेट्रोच्या नव्या मार्गाचं बॅनर केलं. साहेब दुसरे, हात तसाच उंचावलेला. सगळं दोनदा तपासलं. मग डब्याच्या एका खिडकीत अण्णांचा फोटो बसवला, कानामागे ब्रश खोचलेला. साहेबांच्या माणसाने पडद्यावर बोट ठेवलं. "हे कोण? आमच्यातले दिसत नाहीत."

"आमच्यातले आहेत," मी म्हटलं, आणि प्रिंटला टाकलं.